पेरूच्या पानांचा घरचा चहा : पान फुकट, मग खर्च कशाचा?

हर्बल चहाच्या २५ पिशव्यांचे खोके दुकानात साधारण १५० ते २५० रुपयांना मिळते. कपामागे सहा ते दहा रुपये झाले, आणि पिशवीत असतो दीड-दोन ग्रॅम वाळका पाला. पेरूच्या पानांची पाकिटेही आता ऑनलाइन मिळतात, १०० ग्रॅमला शंभर-दोनशे रुपये मोजून. इकडे पेरूचे झाड परसात असते, शाळेच्या कुंपणाशी असते, जुन्या विहिरीच्या काठाला असते. पक्ष्याने बी टाकली आणि कुणी न लावता वाढले, असे पेरू तर गावोगाव आहेत.

पान फुकट आहे, यात शंका नाही. पण या फुकटच्या पानाभोवती यंत्रे, बरण्या, कागदी पिशव्या, मध, वेलदोडे असा पसारा जमतो आणि घरचा चहा दुकानातल्याहून महाग पडतो. उलट ज्या एका गोष्टीकडे डोळ्यांत तेल घालून बघायला हवे, ती म्हणजे झाड कुठे उभे आहे. आणि तिला एक पैसाही लागत नाही. पुढचे दर शहरी किरकोळ बाजारातले, ढोबळ आहेत. आपल्या गावचे दर घालून हिशोब फिरवून घ्यावा.

आधी झाड बघा, मग पान

रस्त्याकडेच्या झाडाचे पान घेऊ नये. धूळ धुता येते, पण वाहनांच्या धुरातून आणि जुन्या रंगांतून येणारे जड धातू नळाखाली धरून जात नाहीत. सांडपाण्याच्या नाल्याकाठचे झाडही नको. सोसायटीच्या बागेतला पेरू दिसायला स्वच्छ असतो, पण तिथे डासांसाठी, वाळवीसाठी औषध मारले जाते का हे माळीकाकांना विचारल्याशिवाय हात लावू नये. शेताच्या बांधावरचे झाड असेल तर शेजारच्या पिकावरची फवारणी वाऱ्याने इकडे येते, हे लक्षात ठेवावे.

झाडाच्या मालकाला दोनच प्रश्न विचारायचे : शेवटची फवारणी कधी झाली आणि कशाची? उत्तर ‘आठवत नाही’ असे आले तर दुसरे झाड शोधावे. मी याबाबत अगदी कडक आहे, कारण फळ आपण धुऊन, सोलून खातो आणि पान मात्र जसेच्या तसे उकळून त्याचा अर्क पितो. फळाला चालणारा फवारणीनंतरचा प्रतीक्षाकाळ पानालाही चालतो असे धरता येत नाही. म्हणूनच व्यापारी बागांची पाने सरसकट टाळावीत. राहात्याचा पेरू, नाशिकची द्राक्षे, सोलापूरचे डाळिंब, महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी ही पिके फळासाठी घेतात, आणि फळ वाचवायचे तर फवारणीशिवाय शेतकऱ्याचा इलाज नसतो. त्यात त्याचा दोष नाही, पण आपल्या कपासाठी ते पान नव्हे. बागेतल्या छाटणीचा पाला बांधावर ढिगाने पडलेला दिसला आणि कुणी ‘न्या की फुकट’ म्हटले, तरी हेच लागू.

रानातून पाने आणायची तर अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यान यांच्या हद्दीत काहीही तोडता येत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि तो पानालाही लागू होतो. राखीव जंगलातही वनखात्याचे नियम आहेत. गावच्या आणि खासगी जमिनीवर मालकाची परवानगी पुरते. परवानगी मिळाली तरी एका फांदीवरची निम्म्याहून जास्त पाने ओरबाडू नयेत. फांदी मोडू नये, देठ नखाने खुडावा.

कुठले पान खुडायचे

पेरूची जात कुठली, याने फार फरक पडत नाही. पुण्याच्या गणेशखिंडला निवडलेला सरदार असो की परसातला लाल गराचा गावठी, पान दोन्हींचे चालते. फरक पडतो तो पानाच्या वयाने. फांदीच्या शेंड्याची पहिली दोन-तीन कोवळी, तांबूस झाक असलेली पाने झाडाला ठेवावीत. ती वाळून चिमूटभर उरतात आणि चवीला फार तुरट लागतात. फांदीच्या बुडाची जून, डागाळलेली पानेही नकोत. मधली, पूर्ण उघडलेली, हिरवीगार, बोटांत चुरगाळली की पेरूचा ओळखीचा वास देणारी पाने घ्यावीत.

प्रत्येक पान उलटे करून बघायचे, ही पायरी गाळू नये. पेरूच्या पानाच्या पाठीवर शिरा चांगल्या उठून दिसतात आणि त्या शिरांच्या कडेने पिठ्या ढेकूण कापसासारखा चिकटून बसतो. पांढऱ्या माशीची एक जात मेणाच्या पांढऱ्या गोल गोल रेघा काढून जाते. वरच्या बाजूला काजळी धरल्यासारखा काळा थर असेल तर ती कोळशी : किडीच्या चिकट स्रावावर वाढलेली बुरशी. अशी पाने धुऊन वापरायच्या भरीस पडू नये, टाकून द्यावीत. सकाळी दव वाळल्यावर, साधारण दहाच्या पुढे खुडलेली पाने लवकर वाळतात.

किलोभर पानांचा हिशोब

पेरूची एक किलो ओली पाने म्हणजे भाजीची मोठी पिशवी ठासून. वाळल्यावर त्यांचे साधारण ३५० ग्रॅम उरतात. देठ, मधल्या जाड शिरा, मोडकी-डागाळलेली पाने बाजूला काढली की हातात ३०० ग्रॅम पडतात, असे धरून चालू. एका कपाला दोन ग्रॅम लागतात. म्हणजे एका किलोत दीडशे कप.

आता खर्च. खुडणे, निवडणे, धुणे, पसरणे, मधून मधून परतणे आणि शेवटी चुरून भरणे, या सगळ्याला मिळून दोन तास जातात. घरच्या वेळेला किंमत नसते असे म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे. ती मला मान्य नाही, विशेषतः हा वेळ घरातल्या बाईचाच जात असतो तेव्हा. तासाला १०० रुपये धरले तर २०० रुपये झाले, कपामागे सव्वा-दीड रुपया. झाडापर्यंत जायला दुचाकीचे ६० रुपयांचे पेट्रोल गेले तर कपामागे ४० पैसे. काचेची बरणी घरात नसलीच तर १०० रुपयांना एक मिळते आणि ती वर्षानुवर्षे चालते.

राहिला गॅस. १४.२ किलोचा सिलिंडर ९०० रुपयांचा धरला, तर गॅस किलोला ६३ रुपये पडतो. एक कप पाणी उकळून वर पाच मिनिटे मंद आचेवर ठेवायला साधारण आठ-दहा ग्रॅम जळतो, म्हणजे ५० ते ६५ पैसे. चार कप एकदम केले तर याहून कमी. सगळे मिळून एक कप अडीच रुपयांच्या आत बसतो. आपला वेळ हौसेत धरला तर एक रुपयाच्या आसपास.

घरचा नेहमीचा दुधाचा चहा यापेक्षा महाग असतो हे अनेकांच्या ध्यानात येत नाही. लिटरला ६० रुपयांचे दूध अर्धा कप घातले की सहा रुपये तिथेच गेले. पेरूच्या पानाला दूध लागत नाही. घालूही नये, तुरटपणामुळे चव बिघडते.

पहिल्या खेपेला मात्र किलोभर पाने आणू नका. पाव किलो पुरे. त्यातून पस्तीस-चाळीस कप होतात, आणि घरात कुणाला ही चव आवडते का, याचा निकाल तेवढ्यात लागतो. तुरट चव सगळ्यांना रुचत नाही.

वाळवण : पैसे इथे वाचतात किंवा जातात

पाने मोठ्या परातीत मिठाच्या पाण्यात दहा मिनिटे ठेवावीत, मग दोनदा साध्या पाण्याने धुवावीत. चाळणीत निथळून जुन्या सुती कापडावर एकेक पान सुटे पसरावे. जुने धोतर किंवा मऊ पडलेली सुती साडी याला उत्तम. दोन पाने एकमेकांवर आली की मध्ये ओल राहते, आणि बुरशी तिथूनच सुरू होते.

ऊन थेट लागू देऊ नये. कडक उन्हात पान दोन दिवसांत वाळते खरे, पण करपट पिवळे पडते आणि वास उडून जातो. वारा खेळणाऱ्या खोलीत, पंख्याखाली किंवा गच्चीवर छपराच्या सावलीत चार ते सहा दिवस लागतात. फेब्रुवारी ते मे हा काळ याला सर्वांत चांगला. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिलमध्ये तीन दिवसांतही काम होते. कोकणात आणि गोव्यात हवेतच ओल असते, तिथे डिसेंबर ते फेब्रुवारी धरावा.

पान वाळले की नाही हे पात्याला हात लावून कळत नाही. पाते आधी कुरकुरीत होते आणि मधली शीर ओलसर राहते. पान शिरेवर मधोमध वाकवावे. ती कट्‌ आवाज करून तुटली तर वाळले. नुसती वाकली, चामड्यासारखी दुमडली, तर अजून एक-दोन दिवस. शेवटी ओल राहिल्यासारखी वाटली तर लोखंडी तवा मंद गरम करून गॅस बंद करावा आणि त्या उबेवर पाने पाच मिनिटे परतावीत.

बरणी भरली की लगेच फडताळात ठेवू नये. पारदर्शक बरणीत चार-पाच दिवस डोळ्यांसमोर ठेवावी, रोज एकदा हलवावी. काचेला आतून दमटपणा दिसला किंवा पाने चिकटून गोळा झाला तर सगळी बाहेर काढून पुन्हा वाळवावीत. कुबट वास आला किंवा पांढरे-करडे तंतू दिसले तर बरणीतला सगळा माल फेकावा; वरचे काढून खालचे ठेवण्यात अर्थ नाही, बुरशी दिसते त्यापेक्षा खोल गेलेली असते. नीट वाळलेला पाला अंधाऱ्या, कोरड्या जागी वर्षभर टिकतो, पण वास सहा महिन्यांनी मंदावतो. म्हणून वर्षाचा साठा एकदम करण्यापेक्षा दोनदा थोडा करावा.

पावसाळ्यात वाळवण करायचे ठरवले की यंत्राचा विषय निघतो. घरगुती डीहायड्रेटर चार ते आठ हजारांना येतो. पाच हजारांचा घेतला, वर्षाला दोन किलो पाने वाळवली आणि तो पाच वर्षे चालला, तर पंधराशे कपांवर तो खर्च बसतो : कपामागे ३ रुपये ३० पैसे. वीज त्यामानाने किरकोळ आहे. ३०० वॉटचे यंत्र सहा तास चालले तर दोनपेक्षा कमी युनिट, दहा रुपये दराने १८ रुपये, कपामागे १२ पैसे. यंत्राने एक कप दुपटीहून महाग होतो. घरात आमचूर, सुकी भाजी, आंबापोळी असे बरेच काही वाळवायचे असेल तर यंत्र जरूर घ्यावे. फक्त पानांसाठी घेऊ नये. ओटीजी भट्टी याला उपयोगाची नाही, बहुतेकांचे तापमान १०० अंशांच्या खाली येत नाही आणि पान भाजून निघते. मायक्रोवेव्हमध्ये कोरडे पान पेट घेऊ शकते, तो नाद सोडावा.

कपात काय

दोन ग्रॅम म्हणजे चुरलेल्या पाल्याचा एक भरलेला चहाचा चमचा. सव्वा कप पाणी उकळावे, पाला घालून पाच मिनिटे मंद आचेवर झाकून ठेवावे आणि गाळावे. रंग मधासारखा तांबूस-पिवळा येतो. दहा मिनिटे उकळले तर गडद होतो आणि जीभ आक्रसते.

साध्या गाळणीने काम होत असताना रिकाम्या कागदी पिशव्या घेण्याचे कारण नाही. शंभराचे पाकीट दीडशे-दोनशे रुपयांना पडते आणि कपामागे दीड-दोन रुपये वाढतात, म्हणजे आतल्या मालापेक्षा वेष्टण महाग. चवीसाठी एक वेलदोडा टाकला तर जवळपास एक रुपया वाढतो. चमचाभर मधाचे अडीच-तीन रुपये होतात. गुळाचा खडा पन्नास पैशांच्या आत बसतो. सगळ्यांत स्वस्त आणि माझ्या मते सगळ्यांत चांगली जोड म्हणजे गवती चहा : कुंडीतून दोन पाती कापली की झाले, आणि पेरूच्या तुरटपणावर त्याचा लिंबासारखा वास छान बसतो.

बाकीची झाडे

तुतीचे पान पेरूपेक्षा सौम्य लागते, आणि मिळाले तर मी तेच आधी घ्यायला सांगेन. जपान, कोरियात त्याचा चहा नेहमीच्या पिण्यातला आहे. महाराष्ट्रात मराठवाड्यापासून विदर्भापर्यंत रेशीमशेतीसाठी तुती लावली जाते, आणि रेशमाच्या अळीला कीटकनाशक सोसत नसल्याने शेतकरी तुतीवरच्या फवारणीबाबत फार जपून असतो. तरीही शेवटच्या फवारणीचा प्रश्न विचारायचाच. शेतकऱ्याकडून पाने घेतली तर किलोला वीस-तीस रुपये हातावर ठेवावेत. अळीच्या तोंडचा घास आपण नेत असतो. तुतीच्या पानात पाणी जास्त, म्हणून किलोला २५०-२७५ ग्रॅमच पाला निघतो.

जांभळाचे पान कडवट-तुरट, बेलाचे सुगंधी, बोराचे मऊ चवीचे. तिन्ही पेरूसारखीच वाळवता येतात.

आता न घ्यायची पाने. सीताफळ, रामफळ आणि लक्ष्मणफळ म्हणून विकले जाणारे सॉवरसॉप यांची पाने कितीही प्रचार झाला तरी पिऊ नयेत. कॅरिबियन समुद्रातल्या ग्वाडेलूप बेटावर पार्किन्सनसारख्या एका आजाराचा संबंध या कुळातली फळे आणि पानांचा काढा यांच्या नेहमीच्या सेवनाशी असल्याचे संशोधकांनी १९९९ मध्ये मांडले. करवंदाचे फळ गोड, पण पान तोडताच पांढरा चीक येतो, आणि ते झाड कण्हेरीच्या कुळातले आहे. त्याच्या वाटेला जाऊ नये. चीक येणारे पान ओळखीचे नसेल तर सोडून द्यावे, हा नियम बरा. तुतीलाही थोडा चीक असतो, पण ती ओळखीची आहे. कण्हेर आणि पिवळी कण्हेर म्हणजे बिट्टी यांचे पान चुकून पिशवीत आले तर जिवावर बेतते. म्हणून एका वेळी एकाच झाडाची पाने खुडावीत, आणि फळ किंवा फूल पाहून झाडाची खात्री करूनच.

परदेशातल्या वाचकांसाठी थोडे. इंग्लंडमध्ये रानात वाढलेल्या झाडाची पाने स्वतःपुरती खुडणे १९६८ च्या चोरीच्या कायद्यानुसार चोरी ठरत नाही; विकण्यासाठी खुडली तर ठरते. ब्लॅकबेरीची कोवळी पाने तिथे चहासाठी चांगली. चेरी, पीच, जर्दाळू यांच्या पानांत सायनाइड तयार करणारी द्रव्ये असतात, ती नकोत. रास्पबेरीच्या पानांचा चहा गरोदरपणात डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

औषध म्हणून प्यायचा असेल तर

पेरूच्या पानातली द्रव्ये पिठूळ पदार्थांचे साखरेत रूपांतर थोडे मंदावतात. जपानमध्ये याकुल्ट कंपनीचे या पानांचे बाटलीबंद पेय २००० सालापासून सरकारमान्य आरोग्यपेय म्हणून जेवणाबरोबर घेतले जाते. पण ते ठरावीक मात्रेचे, तपासलेले पेय आहे. आपल्या बरणीतल्या पाल्यात काय किती आहे हे झाडागणिक बदलते. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरांना सांगूनच सुरू करावा, साखर मोजत राहावी, आणि गोळी आपल्या मनाने कमी करू नये. अंगात रक्त कमी असलेल्यांनी जेवणाच्या आधी-नंतर तासभर हा चहा टाळावा, कारण तुरट द्रव्ये अन्नातले लोह शोषू देत नाहीत. बद्धकोष्ठ असेल तर त्रास वाढतो. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी, लहान मुलांनी घेऊ नये. बाकीच्यांना दिवसाला एक-दोन कप पुरे.

विकायचा विचार असेल तर

बचतगटांना हा उद्योग सोपा वाटतो, कारण कच्चा माल फुकट दिसतो. पण विक्रीसाठी एफएसएसएआयची नोंदणी लागते. लहान उत्पादकाच्या मूळ नोंदणीचे शुल्क वर्षाला १०० रुपये आहे, ते काही जड नाही. वेष्टणावर मात्र ‘चहा’ असे छापता येत नाही. चहाच्या झाडापासून न केलेल्या पेयाला चहा म्हणणे ही ग्राहकाची दिशाभूल ठरते, असे एफएसएसएआयने डिसेंबर २०२५ मध्ये स्पष्ट केले आहे. ‘पेरूच्या पानांचे पेय’ असे लिहावे, आणि मधुमेह बरा होतो असला दावा मुळीच छापू नये. खरा खर्च कीटकनाशकांच्या अंशाच्या प्रयोगशाळा-तपासणीचा : एका नमुन्याला काही हजार रुपये लागतात. दहा वेगवेगळ्या झाडांची पाने एकत्र करून केलेल्या मालात एका झाडाने घोळ केला तर सगळा माल जातो, म्हणून ज्यांना विकायचे आहे त्यांनी पाने गोळा करत फिरण्यापेक्षा आपल्याच जागेत पेरूची चार-पाच झाडे बिनफवारणीची राखावीत आणि माल तेवढाच ठेवावा.